सातव्या मजल्याची तहान

आमचे ओवरसियर साहेब इमारतीला अहो-जाहो करायचे आणि मला अरे-तुरे.

स्लॅबखालच्या फळ्या-टेकू, म्हणजे सेंट्रिंग, कधी खोलायचं, असं मी विचारलं की ते म्हणायचे, "त्यांना अजून आठ दिवस पडू दे निवांत. तुला कशाची जल्दी झाली रे, सळईवाल्या?" 'त्यांना' म्हणजे स्लॅबला. कॉलमबद्दल बोलतानाही तेच. "ते कालच भरलेत, कच्चे हायेत अजून. त्यांना टेकून बिड्या ओढू नका." साईटवर नवा आलेला मजूर इकडंतिकडं बघायचा, कोणी म्हातारं माणूस आजारी आहे की काय म्हणून. जुने मजूर तोंड फिरवून हसायचे.

मी हसायचो नाही, चिडायचो. मी चिडका माणूस आहे आणि ते मी कधी लपवलं नाही. पण आयुष्यात सगळ्यांत जास्त मी याच माणसावर चिडलो, आणि सगळ्यांत जास्त दिवस चिडलेला राहिलो. या माणसानं माझं बक्षीस घालवलं, हे वाक्य मी पाच वर्षं जालन्यात ज्याला त्याला ऐकवलं आहे. आता ते माझं मलाच ऐकवत नाही, म्हणून लिहायला बसलो.

सळईवाला हे नाव त्यांनीच ठेवलेलं. आमच्या जालन्यात सळयांच्या मिल आहेत. मिलमध्ये शेवटाचे तुकडे उरतात. ते भंगाराच्या भावात उचलायचे, हातगाडीवर घालायचे आणि जुन्या जालन्यातल्या गल्ल्यांत, जिथं कोणी एखादी खोली बांधत असेल तिथं नेऊन विकायचे, ही माझ्या धंद्याची सुरुवात. एका घराच्या कामावर हे उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला शाईचा पेन, हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. तेव्हा ते सरकारी नोकरीत होते आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या लोकांची कामं बघायचे. त्यांनी माझ्या गाडीवरच्या सळया एकेक करून वाकवून पाहिल्या. तासभर. मी भाव करायच्या तयारीत उभा. माणूस माल इतका वेळ हाताळतो म्हणजे घेणारच, हा माझा अनुभव.

शेवटी ते म्हणाले, "हा माल घराला न्हाई चालत. कुंपणाला चालंल."

"घेणारा घेतो, तुमचं काय जातं?" मी म्हणालो.

"माझं काय जात न्हाई. ज्याच्या डोक्यावर पडंल त्याचं जातं. तू असं कर, कुंपणाला म्हणून सांग अन् कुंपणाला म्हणून विक."

मी त्यांना शिव्या दिल्या. तोंडावर नाही, गल्लीच्या वळणावर गेल्यावर. पण घरी जाऊन विचार केला. कुंपणाची सळई म्हणून ओरडत फिरणारा त्या वेळी दुसरा कोणीच नव्हता. महिन्याभरात गाडी पुरेना. पुढं दुकान झालं, गोडाऊन झालं, मग प्लॉट, मग बांधकाम. माझ्या धंद्याची पहिली अक्कल मला या माणसाकडून मिळाली, आणि याचासुद्धा मला रागच होता.

रुमालात काय असायचं, ते सांगतो. ओळंबा. दोरीला बांधलेलं पितळी वजन, भिंत सरळ आहे की नाही बघायचं. गवंडी तो पिशवीत टाकतो, साहेब तो चष्म्यासारखा जपायचे. आणि कुठंही काढायचे. माझ्या मुलीच्या लग्नात जेवणाची पंगत बसली होती आणि हे मांडवाच्या खांबाला ओळंबा लावून एक डोळा मिटून उभे. व्याही मला कोपरानं ढोसून विचारतात, "हे कोण?" मी म्हणालो, "आमचे इंजिनिअर." साहेब तिकडून ओरडले, "इंजिनिअर न्हाई, ओवरसियर! आन् हा खांब दोन बोटं कललाय. सासरा बसलाय त्याच्या खालीच." व्याह्यांनाच उठवून दुसरीकडं बसवावं लागलं.

एकदा साईटच्या सगळ्या लोकांना घेऊन मी जांब समर्थला दर्शनाला गेलो होतो. लोक रांगेत. हे रांगेतून निघून एका दगडी खांबापाशी गेले, त्यावर तळहात ठेवला आणि उभे राहिले. आमचं दर्शन झालं, प्रसाद झाला, गाडी सुरू झाली तरी तिथंच. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "यांना कोणी घाई केली नव्हती रे."

लिफ्टमध्ये ते कधी बसले नाहीत. "लिफ्ट काय सांगती? न्हाई काही. जिना सांगतो." चहा पण साईटवर सहजासहजी घ्यायचे नाहीत. सकाळी आले की आधी नवीन कामावर पाणी मारून झालं का बघायचे. काँक्रीट भरलं की ते दहा-पंधरा दिवस ओलं ठेवावं लागतं, नाहीतर आतून कच्चं राहतं. स्लॅबवर पाण्याचे वाफे करायचे, कॉलमला गोणपाट गुंडाळून भिजवत राहायचं. ते सगळं होईपर्यंत चहावाला किटली घेऊन उभा राहायचा. "आधी त्यांना, मंग आपल्याला." चहा गार व्हायचा. सगळ्यांचा. मी तर कितीदा तरी मुद्दाम त्यांच्यासमोर गरम चहा प्यायलो आहे.

आणि बोटाची सवय. मधलं बोट वाकवून त्याच्या पेरानं ते कॉलमवर टकटक करायचे आणि कान लावायचे. बाजारात बाया माठ घेताना वाजवून घेतात, तसं. मला ते सगळं सारखंच ऐकू यायचं. मी एकदा म्हणालो, "साहेब, काय ऐकू येतं?" ते म्हणाले, "तुला न्हाई यायचं. तू बोलतो जास्ती."

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी त्यांना माझ्याकडं घेतलं. मी तेव्हा बारा मजल्यांची इमारत काढली होती. आमच्या भागात इतकी उंच कोणाचीच नव्हती. गावातल्या मस्तगडाच्या चढावरून सुद्धा ती वेगळी दिसायची. का काढली, तर खरं कारण सांगतो. गावातलं एक जुनं बिल्डर घराणं आहे. एका कार्यक्रमात त्यांच्या थोरल्यानं माईकवर म्हटलं होतं, "आता काय, तुकडेवाले पण बिल्डर झाले." लोक हसले होते. मी पण हसलो होतो, दात दिसतील एवढं. घरी आलो आणि जेवलो नाही.

या भागातल्या बिल्डर आणि आर्किटेक्ट लोकांची एक संघटना दरवर्षी सगळ्यांत चांगल्या उंच इमारतीला बक्षीस देते. दहा मजल्यांच्या वर पाहिजे, एवढी अट. काचेचा एक उभा तुकडा मिळतो, त्यात इमारतीचा आकार कोरलेला. त्या घराण्याला त्यांच्या अकरा-अकरा मजल्यांच्या इमारतींसाठी तो दोनदा मिळालेला आहे, त्यांच्या ऑफिसात दारासमोरच ठेवलेला असतो. मला तो तुकडा पाहिजे होता. तुकडेवाल्याला पाहिजे होता.

सातव्या मजल्याचे कॉलम भरले तेव्हा उन्हाळा भर होता. जालन्याचं पाणी सगळ्यांना माहीत आहे. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आणि उन्हाळ्यात बांधकामाला टँकरशिवाय इलाज नाही. आमच्या टँकरवाल्यानं भाव वाढवला. मी म्हणालो, मागच्याच भावात घालशील तर घाल. तो म्हणाला, परवडत न्हाई शेठ. मी म्हणालो, मंग नको घालू. भाव करताना माझा एक नियम होता, आपण आधी बोलायचं नाही. गप्प बसायचं. समोरचा अस्वस्थ होतो आणि खाली येतो. या एका नियमावर मी हातगाडीपासून बारा मजल्यांपर्यंत आलो. टँकरवाला पाच दिवस गप्प बसला. मी पण पाच दिवस गप्प बसलो.

साहेब रोज यायचे. "पाणी?"

"येतंय. उद्या वाकतो तो."

"तो वाकंल तव्हा वाकंल. पश्चिमेचे चार कॉलम दुपारभर उन्हात उभे हायेत. गोणपाट कडक झालंय पापडासारखं. दे ना त्याला काय मागून राह्यला ते."

"तुम्ही ओवरसियर आहात ना? भाव माझ्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर हा माणूस, साठी ओलांडलेला, सायकलला दोन्हीकडं प्लॅस्टिकचे कॅन लटकवून घरून पाणी घेऊन आलेला. लिफ्ट अजून बसायची होती. बसली असती तरी तो बसला नसता म्हणा. कॅन हातात घेऊन सात मजले चढला, गोणपाटावर तांब्यानं पाणी घातलं, उतरला, पुन्हा गेला. मी खाली खुर्ची टाकून बसलो होतो. मी हसलो. मोठ्यानं म्हणालो, "साहेब, चिमणीनं तळं भरतंय का?" लोक हसले. ते थांबून म्हणाले, "भरत न्हाई. पण चिमणी तरी तहानलेली राहत न्हाई," आणि परत जिना चढायला लागले.

सहाव्या दिवशी टँकरवाला माझ्या भावात आला. मी जिंकलो. पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

चार आठवड्यांनी क्यूबचा निकाल आला. काँक्रीट भरताना त्याचेच सहा इंची ठोकळे भरून ठेवतात, पाण्यात बुडवून, आणि मग दाबून तपासतात. त्यांना क्यूब म्हणतात. सगळे क्यूब पास. मी तो कागद साहेबांच्या पुढं नाचवला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "वर चल."

पश्चिमेच्या चार कॉलमवर त्यांनी बोट वाजवलं. मग पूर्वेच्या. मग पुन्हा पश्चिमेच्या.

"ऐकलं?"

"सगळं सारखंच वाजतं, साहेब."

"सारखं न्हाई. हे चौघं नापास हायेत."

"अहो, क्यूब पास झालेत! हा कागद आहे!"

"क्यूब माझ्या घरी हौदात बसले होते, सळईवाल्या. यांना उन्हात उभं केल्तं आपण."

बाहेरून माणूस बोलवून यंत्राच्या हातोडीनं तपासलं. साहेबांच्या बोटानं जे सांगितलं तेच यंत्रानं सांगितलं. वर अजून पाच मजले चढवायचे होते. साहेब म्हणाले, या चौघांना जाकीट घालायचं. म्हणजे कॉलम बाहेरून टोचून खरबरीत करून घ्यायचा, भोवती नवीन सळया आणि रिंगा बांधायच्या आणि नव्यानं काँक्रीट चढवायचं. कॉलम चारही बाजूंनी चार-चार बोटं जाड होतो. खर्च वेगळा, वेळ वेगळा. मी नाही म्हणालो. कागदावर पास आहे, मग कशाला?

त्यांनी एकच केलं. सातव्या मजल्यावर सतरंजी टाकून बसले. आठव्याचं सेंट्रिंग लावायला आलेल्या लोकांना म्हणाले, "माझ्या अंगावरून न्या फळ्या." घरून डबा यायचा, तिथंच जेवायचे. मी वर गेलो की मी बोलायचो, ते गप्प बसायचे. पहिल्यांदा मला समोरच्याच्या गप्प बसण्याचा त्रास झाला. तिसऱ्या दिवशी मी वाकलो. जाकीट घातलं. त्याला पाणी किती दिलं ते विचारू नका, टँकरच्या टँकर, मी स्वतः भाव न विचारता. साहेब त्या चार कॉलमला बोट वाजवून बघायचे आणि मान हलवायचे, एखाद्याचा ताप उतरल्यावर हलवतात तशी. मला म्हणाले, "या इमारतीत सगळ्यांत चांगलं काम हेच झालंय. लक्षात ठेव."

मी ते लक्षात ठेवलं नाही. प्लॅस्टर झालं, वर शोभेची लाकडी चौकट चढवली आणि ते चार कॉलम झाकून टाकले.

बक्षिसाचा फॉर्म मी स्वतः भरला. त्यात एक रकाना होता, बांधकामात आलेल्या अडचणी व त्यावरील उपाय. मी तिथं लिहिलं, निरंक. अक्षर चांगलं काढलं होतं.

परीक्षक तिघं आले. दोन पुरुष आणि नागपूरच्या एक बाई, वयानं मोठ्या, खादीची साडी, पायात बूट. मी दाराला तोरण लावलं होतं. साहेबांना नवा शर्ट दिला होता आणि सांगितलं होतं, तुम्ही फक्त मागं उभं राहायचं. ते बराबर मागं उभे होते. बाईंनी गच्ची पाहिली, जिना पाहिला. जिन्याची हवा-उजेड चांगला आहे म्हणाल्या. मग सहज विचारलं, "बांधताना काही अडचणी आल्या का?"

"काही नाही मॅडम. बिलकुल नाही."

मागून आवाज आला, "आल्त्या ना. चला, दाखवतो."

हे पुढं निघाले, जिन्यानं. ते तिघं मागं. सातव्यावर जाऊन त्यांनी सुताराला बोलवून चौकट काढायला लावली आणि कॉलमपाशी उभे राहून सगळं सांगितलं, कसं टोचलं, किती सळया, रिंगा कशा वाकवल्या. तोंडावर असा आनंद, की स्वतःचा नातू दाखवतोय. "वाजवून बघा बाई. लाजू नका." बाईंनी खरंच बोट वाजवलं.

मग त्या दोघांतल्या एकानं विचारलं, "पण मुळात हे कच्चे राहिले कशामुळे? चूक कोणाची?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. भाव करताना मी समोरच्याकडं बघतो तसंही नाही. नुसतं पाहिलं आणि थांबले. बोलायची पाळी माझी होती, हे मला कळत होतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. खाली रस्त्यावर एक टँकर चालला होता, तो वळेपर्यंत मी त्याच्याकडं बघत होतो.

"माझी," साहेब म्हणाले. "उन्हाळा होता. पाण्याकडं माझं लक्ष न्हाई राह्यलं."

मी गप्प बसलो.

परीक्षकांची गाडी गेटाबाहेर गेली आणि माझं तोंड सुटलं. वॉचमन, सुतार, फ्लॅट बघायला आलेले दोन लोक, सगळ्यांसमोर. "तुला कोणी विचारलं होतं? तुझ्या बापाचं बक्षीस होतं का? म्हातारा झालास, अक्कल कुठं ठेवलीस?" त्या माणसाला मी आयुष्यात तोवर साहेब आणि तुम्ही याशिवाय काही म्हटलं नव्हतं. ते ऐकत उभे राहिले. खिशात हात घालून ओळंबा आहे का बघितला. मग म्हणाले, "बरं शेठ. येतो मी. कंपाउंडच्या भिंतीला आज पाणी न्हाई बसलं, तेवढं तुम्ही सांगा त्यांना."

शेठ. तुम्ही. पहिल्यांदाच. मला तेव्हा वाटलं, आला सरळ.

बक्षीस दुसऱ्या शहरातल्या इमारतीला गेलं. सातव्या मजल्याची गोष्ट मात्र गावात राहिली. गिऱ्हाईक विचारायचे, "सातवा कच्चा आहे म्हणतात?" आणि मी सांगायचो, "ओवरसियरकडून दुर्लक्ष झालं होतं. कबूल केलंय त्यानं स्वतः. आम्ही दुरुस्त करून घेतलं, त्याला पण काढून टाकलं." लोकांचं समाधान व्हायचं. चूक करणारा माणूस गेला म्हणजे चूक गेली, असं लोकांना वाटतं. दुसरे बिल्डर विचारायचे, त्यांनाही मी हेच सांगितलं. साहेबांना पुन्हा जालन्यात कोणी काम दिलं नाही. कोणाच्या कंपाउंडची भिंत, कोणाचा संडास, असलं काहीतरी बघत फिरतात, असं कानावर यायचं.

सातव्याचा पश्चिमेचा एक फ्लॅट शेवटपर्यंत विकला गेला नाही. शेवटी मीच राहायला गेलो. हॉलमध्ये तो जाड कॉलम. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, हे काय?

एकदा मी मस्तगडावरून गाडीनं येत होतो. साहेब रस्त्याच्या कडेला सायकल लावून उभे. हात लांब करून ओळंबा धरलेला, एक डोळा मिटलेला. मी समोर पाहिलं, तर दूरवर माझी इमारत. त्या दोरीला लावून ते तिची कड बघत होते. ड्रायव्हर म्हणाला, "थांबू का शेठ? साहेब हायेत." मी म्हणालो, "चल." मला वाटलं, येतील. त्यांची चूक आहे, त्यांनी आधी बोलावं.

गेल्या वर्षी संभाजीनगरला एका लग्नात त्या नागपूरच्या बाई भेटल्या. त्यांनीच ओळखलं. म्हणाल्या, "तुमच्या इमारतीची आठवण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. सातवा मजला पाहून उतरलो तेव्हा आमचं तिघांचं ठरलं होतं, बक्षीस हिलाच. झाकलेली दुरुस्ती कोणी स्वतःहून उघडून दाखवतं का हो?"

"मग?" मी विचारलं.

"मग गाडीत तुमचा फॉर्म पुन्हा वाचला. अडचणी, निरंक. दोघं म्हणाले, मालकानं इथं हे झाकलं, तर बाकीच्या अकरा मजल्यांत काय झाकलं असेल? मी बरंच भांडले." त्या हसल्या. "जाऊ द्या. पण स्वतःची चूक अशी चारचौघांत सांगणारा माणूस सांभाळा. आहेत ना अजून तुमच्याकडे?"

"आहेत," मी म्हणालो.

परत येताना गाडीतच साहेबांकडं जायचं ठरवलं. पण उद्या, मग परवा. पाच वर्षांनी काय तोंड घेऊन जायचं, आधी कोणाकडून तरी निरोप धाडावा, त्यांचा अंदाज घ्यावा, मग जावं. सवय वाईट. मी अंदाज घेत राहिलो आणि तेवढ्यात एक दिवस वॉचमन म्हणाला, "शेठ, ओवरसियर साहेब गेले. धा-बारा दिवस झाले म्हणं."

घर जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांच्या मागच्या बोळात. दोन खोल्या, पुढं छोटं अंगण. भिंती सरळ, ते सांगायला नको. त्यांच्या बायको अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी काही म्हणायच्या आत त्यांनी मान वर करून पाहिलं.

"सळईवाले का?"

"हो काकू."

"बसा. ते म्हणले होते, येतील म्हणून."

अंगणाच्या कोपऱ्यात सिमेंटचा लहान हौद होता. त्यात पाण्याखाली तीन ठोकळे. वर खिळ्यानं कोरलेलं, सातवा, पश्चिम.

"तुमचेच हायेत," त्या म्हणाल्या. "जादाचे भरून आणल्ते. इतकी वर्षं पाणी बदलायचे त्यांचं. नळ आठव्या दिवशी येतो आमच्याकडं, तरी. मी म्हणायची, आता कशाला? तर म्हणायचे, त्याला वाजवून दाखवायचेत. पाणी मिळाल्यालं कसं वाजतं ते ऐकू दे एकदा त्याला."

मी बाही वर करून एक ठोकळा बाहेर काढला आणि बोट वाजवलं. मला काही कळलं नाही. ठोकळा परत पाण्यात ठेवला.

काकू तांदळात बोटं फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "एक इचारू का भाऊ? लोक म्हणत्यात, यांचं पाण्याकडं लक्ष न्हाई राह्यलं. यांना इचारलं तर हे पण हो म्हणायचे. पण मला कधी पटलं न्हाई. घरात प्यायला ठिवलेलं पाणी कॅनात भरून न्यायचा हा माणूस. मी भांडल्ते तव्हा. तुम्ही तिथं होते. तुम्हीच सांगा. यांचीच चूक होती का?"

बोळात कोणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. किक मारल्याचा आवाज येत राहिला. काकू थांबल्या होत्या. मी जेवढा वेळ गप्प राहीन तेवढा वेळ त्या थांबल्या असत्या.

"नाही," मी म्हणालो. "टँकर मी बंद केला होता. भावासाठी. पाच दिवस. साहेब रोज सांगत होते."

त्यांनी पदर तोंडाला लावला. रडल्या नाहीत. हौदाकडं पाहिलं.

"हे त्यांच्या समोर म्हणायला पाहिजे होतं हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "लोकांसमोर न्हाई. त्यांच्या समोर."

माझा अजून एक राग आहे त्यांच्यावर, तो जात नाही. त्यांनी एकदा तरी माझ्याशी भांडायला पाहिजे होतं. भांडणारा माणूस मला कळतो. त्या दिवशी सातव्यावर माझ्याकडं न बघता नुसतं नाव घेतलं असतं माझं, तर मी ओरडलो असतो, नाकारलं असतं, आणि दोन वर्षांत हरून खरं बोललो असतो. साहेबांना कामं मिळत राहिली असती. त्यांनी ती संधीच ठेवली नाही.

काकू उठल्या. "चहा ठिवते."

"नको काकू."

"घ्या. पण आधी त्यांचं पाणी बदला. यांच्यामागं मला वाकून जमंना, तसंच राह्यलंय."

प्लॅस्टिकचा मग घेऊन मी हौद उपसायला बसलो. पहिला मग मोरीकडं फेकला तशा त्या दारातून ओरडल्या, "फेकू नका! बादलीत घ्या, भांड्यांना व्हतंय." मी बादलीत घेतलं. तळ दिसायला लागला, ठोकळ्यांच्या वरच्या कडा फिक्या पडायला लागल्या. दुपारचं ऊन अंगणात शिरलं होतं, पश्चिमेकडून.

"भाऊ," आतून आवाज आला, "ताजं पाणी माठाजवळच्या घागरीत हाये. जल्दी करा. त्यांना उन्हात उघडं नका ठिवू."